तू सोडून दुसरे कोणीही

पेताह तिक्वा,
सुक्कोतचा सण संपल्यानंतरचा रविवार, २००४

प्रिय ॲलिस,

हे पत्र हाताने लिहिलेले पाहून तुला नवल वाटेल. कचेरीच्या संगणकावर मला इंग्रजी लिहिता येते, हिब्रू लिहिता येते. पण तुला जे सांगायचे आहे ते त्या दोन्ही भाषांत फार सभ्य होऊन बसते, आणि आज मला तेवढे सभ्य राहायचे नाही. तरीही सवय सुटणार नाही. मी सगळे क्रमाने आणि कारणांसह सांगणार आहे. ठाण्याला सुट्टीत पत्ते खेळताना मी हरले की का हरले याचे विवेचन करत बसत असे, आणि तू तोवर पुढचा डाव वाटून मोकळी झालेली असायचीस. आताही तसेच कर. ऐकता ऐकता हातातले काम चालू दे, फक्त शेवटापर्यंत ऐक.

आई, म्हणजे तुझी मावशी, बरी आहे. गुडघे थकले आहेत, जीभ थकलेली नाही. ओरिसाच्या त्या मोठ्या वादळानंतर तू दूरदर्शनवर मुलाखत दिली होतीस, तिची कॅसेट कोणीतरी मुंबईहून येताना घेऊन आले. तेव्हापासून आमच्या घरी चहाला येणाऱ्या प्रत्येकाला ती कॅसेट पाहावी लागते. आई प्रत्येक वेळी त्याच जागी थांबवते आणि सांगते, “ही आमच्या फ्लोराची पोर. साडी बघा, कशी चोपून नेसलीय! गव्हर्मेंट हिला फोन करून विचारतं, बाई, सायक्लोन कुठं जाणार? आमची रिबेका पण वेदरमध्येच आहे म्हणा. पण इकडे वेदरच कुठं आहे?” पाहुणे हसतात. मी कप उचलून स्वयंपाकघरात जाते. तुझ्या त्या साडीच्या काठाचा रंग मला पाठ झाला आहे, ॲलिस, आणि तो तुला शोभत नाही असे म्हणता आले असते तर मला फार बरे वाटले असते.

आईचे म्हणणे शास्त्रीय दृष्टीने चुकीचे आहे, हे मी तिला अनेकदा समजावले आहे. येथे उन्हाळाभर कोरडे आणि हिवाळ्यात थोडा पाऊस, एवढ्या साध्या मांडणीमागेही विलक्षण गुंतागुंत आहे. कोणत्या दिशेने आलेला ढग यरुशलेमला भिजवेल आणि कोणता हैफालाच रिकामा होऊन जाईल, यावर मी आयुष्याची पंचवीस वर्षे घालवली आणि ती आनंदाने घालवली. पण तुला आणि मला हेही माहीत आहे की मी पुण्याच्या वेधशाळेत असताना माझा विषय हा नव्हता. बंगालच्या उपसागरातली वादळे माझी होती. आपल्याला शिकवणाऱ्या वर्तक सरांनी मला ती दिली होती. तू तेव्हा विमानतळावरच्या धुक्याचा अभ्यास करत होतीस आणि कंटाळून माझ्या टेबलाशी येऊन बसत असायचीस. मग आमच्या घराने इकडे यायचे ठरवले, माझे काम अर्धे राहिले, आणि सरांनी ते तुझ्याकडे दिले. यात कोणाचेही काही चुकले नाही. मी हे कितीदा तपासून पाहिले आहे. कोणाचे तरी चुकले असते तर मला सोपे गेले असते. मी हवेच्या अशा प्रदेशात आले जिथल्या समुद्राला वादळ फिरवण्याइतकी ऊबच नसते, आणि तू माझ्या टेबलाशी बसून राहिलीस.

आता या वर्षाची हकीकत. आमच्या विभागाचे प्रमुख यिगाल यांच्याकडे एका मोठ्या आंतरराष्ट्रीय हवामान अहवालातले एक प्रकरण आले आहे. वादळे, अतिवृष्टी, उष्णतेच्या लाटा यांत गेल्या काही दशकांत काय बदल झाला, हे त्यात सांगायचे आहे. प्रकरणाच्या जुळवाजुळवीचे काम माझ्याकडे आले. त्यातला एक भाग उष्ण कटिबंधातल्या चक्रीवादळांच्या कलाविषयी आहे: ती वाढत आहेत का, अधिक जोरकस होत आहेत का. हा भाग लिहायला मुरलेला माणूस हवा होता. मी माझ्या जुन्या टिपणांची पेटी माळ्यावरून खाली काढली, आणि यिगालच्या खोलीत जाऊन आवाज शक्य तितका सहज ठेवून म्हटले की वेळ पडल्यास मीच लिहू शकेन. यिगाल वाईट माणूस नाही. तो फक्त घाईत असतो. “नू, रिबेका,” तो म्हणाला, “तू पाऊस आहेस. उत्तम पाऊस आहेस. मला वादळवाला आणून दे.”

हे काम दिसते त्याहून अवघड का आहे, हे तुला सांगण्याची गरज नाही. पण मला सांगितल्यावाचून राहवत नाही, आणि आईला समजावताना मला एक उदाहरण सुचले ते तुला आवडेल. आमच्या गल्लीत कुपात होलीमचा, म्हणजे इथल्या आरोग्य विम्याचा, नवा दवाखाना उघडला आणि वर्षभरात गल्लीतल्या निम्म्या लोकांना रक्तदाब निघाला. आई म्हणाली, “या दवाखान्याचा पायगुणच वाईट!” मी म्हटले, आई, रोग आधीही होता, मोजणारे यंत्र आता आले. वादळांचे तेच आहे. उपग्रह नव्हते तेव्हा एखादे जहाज वाटेत सापडले तरच भर समुद्रातले वादळ कळायचे. जहाज सापडले नाही तर ते वादळ कोणाच्याही नोंदीत न येता विरून जायचे. पुढे उपग्रह आले आणि आकडे वाढले. यातली खरी वाढ किती आणि नजरेची वाढ किती? जो माणूस हा प्रश्न आधी स्वतःला विचारतो त्यालाच आलेख काढण्याचा अधिकार आहे. मला असा माणूस हवा होता, आणि खरे सांगायचे तर मला असा माणूस हवा होता जो तू नसेल.

त्यासाठी मी अटी तयार केल्या. प्रत्येक अटीला मी लेखी कारण दिले होते आणि प्रत्येक कारण योग्य होते. समन्वयकाचा नातेवाईक असू नये. आमच्या प्रकरणात आधीच ज्या देशाचा माणूस आहे त्या देशातला दुसरा नसावा. एकाहून अधिक महासागरांवर काम केलेले असावे. जेवणाच्या टेबलावर मी हे उत्साहाने वाचून दाखवले तेव्हा माझे यजमान, रफाएल, भाजी वाढून घेत म्हणाले, “मग थेट लिहा ना बाईसाहेब, उमेदवाराचे नाव अ वरून सुरू होऊ नये.” मी रागावले. ते म्हणाले, “रागवायला काय झालं? तू माणूस शोधत नाहीयेस. तू ॲलिस नसलेला माणूस शोधतेयस.” आईने हे ऐकले. तिला वाटले, तू मला सापडत नाहीस! पत्ता हरवला असेल या समजुतीने तिने एलियाहू हानावीला नवस बोलून टाकला की ॲलिस सापडली तर मलिदा करीन. माझी आई, माझ्या घरात, माझ्याच शोधासाठी, तुझ्या नावाने नवस बोलते! पोहे, खजूर आणि ओला नारळ आणण्याची यादी तिने माझ्याच हाती दिली. मी मुकाट्याने नारळ आणून ठेवला.

पहिल्यांदा मी ऑस्ट्रेलियातल्या एका नामांकित गृहस्थांना विचारले. त्यांचे उत्तर सौजन्याने ओथंबलेले होते. आपल्या बाजूच्या समुद्राबद्दल लिहीन, ते म्हणाले. पण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर हवे असेल तर पुण्याला एक बाई आहेत, त्यांना का विचारत नाही? मग तैवानमधला एक तरुण सापडला. काय सुरेख आलेख काढतो! मी तीन दिवस खूश होते. नंतर बारकाईने पाहिले तेव्हा लक्षात आले की त्याने जुन्या नोंदी जशा मिळाल्या तशा घेतल्या होत्या; त्याच्या लेखी दवाखान्याचा पायगुणच वाईट होता. आणि त्याच्या संदर्भयादीत तुझे नाव सहा वेळा होते. मी जिथे जिथे दार ठोठावले तिथे आतून कोणीतरी तुझ्या घराकडे बोट दाखवले. शेवटी यिगालच चिडून म्हणाला, “ही पुण्याची बाई कोण आहे, आणि तू तिचे नाव यादीत का घालत नाहीस?” मी म्हटले, मावसबहीण आहे. तो म्हणाला, “मग काय, तिला ढगांचा रंग ओळखता येत नाही?” नात्याची अट त्याने तेथल्या तेथे खोडली.

तेव्हा मी चाचणी सुचवली. हीच ती चाचणी, जी जूनमध्ये त्या दोघांबरोबर तुझ्याकडेही आली आणि जी तू कसलीही कुरकुर न करता सोडवून पाठवलीस. पॅसिफिकवरची जुनी उपग्रहचित्रे मी निवडली, कारण त्या काळी तेथे विमाने थेट वादळात शिरून मोजमाप करून येत असत. म्हणजे त्या वादळांचा खरा जोर किती होता हे आज निश्चित ठाऊक आहे. चित्रांवरून नावे आणि तारखा काढून टाकल्या. ढगांच्या आकृतीकडे पाहून एक ते आठ या मापावर, अर्ध्या अर्ध्या पायरीने, वादळाचा जोर सांगायचा. जुन्या नोंदी अशाच डोळ्यांनी केलेल्या आहेत, तेव्हा त्यांच्यावर लिहिणाऱ्याचा डोळा तपासणे रास्तच होते. चाचणीची रचना निर्दोष होती, ॲलिस. हेतूबद्दल तसे म्हणता येणार नाही. तू चुकावीस अशी माझी इच्छा होती. फार नाही, एक पायरी.

आणि मीही ती सोडवली. कोणाला न सांगता, तक्त्यात ‘वाचक चार’ असे लिहून. जुने भिंग काढले, चित्रांवर पारदर्शक कागद ठेवला, आणि ढगांच्या पट्ट्यांवर पेन्सिल फिरवू लागले, तेव्हा हाताला सगळे आठवत होते. इतक्या वर्षांत मला माझ्या पावसाने असे सुख दिले नव्हते. मी मनाशी म्हटले, बघू या आता, टेबल कोणाचे होते ते.

उत्तरे आली. बहुतेक चित्रांवर सगळ्यांचे एकमत होते. फक्त एका चित्रावर तक्ता फुटला. वादळाच्या मधल्या डोळ्यावर पातळ ढगांचा पडदा आला होता. ऑस्ट्रेलियाने साडेपाच लिहिले, तैवानने साडेपाच लिहिले, विमानाचे मोजमापही तेच सांगत होते. साडेचार लिहिणारे दोघेच होते: तू आणि वाचक चार. तू चुकली होतीस! माझी इच्छा तंतोतंत, एका पायरीने, पुरी झाली होती, आणि तिच्यात मीही तुझ्या शेजारी उभी होते. मला कारण तत्काळ कळले. सरांचा वर्ग आठवतो? “डोळा झाकलेला असेल तर एक पायरी खाली उतरा. निसर्गाला भुलू नका.” त्यांनी कधीकाळी मोठा इशारा दिला होता, बंदरे बंद करवली होती, आणि ते वादळ किनाऱ्याला पोहोचण्याआधीच विरले, लोकांनी वर्षभर त्यांची टर उडवली. ती भीती त्यांनी आपल्याला नियम म्हणून शिकवली. जगात हा आकडा त्या वर्गात बसलेलेच देतील.

पण तुझ्या साडेचारच्या खाली टीप होती. मी ती इतक्या वेळा वाचली आहे की मला ती शब्दशः येते. तू लिहिले होतेस: माझा हात साडेचार म्हणतो, पण माझा हात अशा शिक्षकाकडे घडला आहे जे डोळा झाकलेला दिसला की एक पायरी उतरत, म्हणून खरे उत्तर साडेपाच धरावे आणि माझा मूळ आकडाही बाजूला राहू द्यावा. आणि पुढे: आमच्याकडच्या जुन्या नोंदींपैकी बऱ्याच याच वर्गातल्या हातांनी केलेल्या आहेत, ते हात आता निवृत्त होत आहेत, तेव्हा वादळे अधिक जोरकस होऊ लागली असे म्हणण्यापूर्वी चित्रे कोण वाचत होते हे पाहावे. ज्या माणसाला आपला हात कोठे आणि किती चुकतो हे ठाऊक आहे, त्याच्या चुकीतूनही मोजमाप मिळते. मी तीच चूक केली होती आणि तिच्याखाली अभिमानाने रेघ ओढली होती. त्या दिवशी मला तुझा जितका हेवा वाटला तितका कॅसेटमधल्या साडीत, सरांच्या शाबासकीत किंवा आईच्या नवसातही कधी वाटला नव्हता. यशाचा हेवा मी सवयीने पचवत आले होते. हा हेवा तुझ्या डोक्याचा होता, आणि तो अजून घशाखाली उतरलेला नाही.

यिगालने टीप वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाला, “संपला शोध.” निमंत्रण त्याच दिवशी गेले, सोबत चौघांच्या उत्तरांचा तक्ताही. आईने मलिदा केला. शेजारीपाजारी आले, सगळ्यांनी खजूर आणि गोड पोहे खाल्ले, आई म्हणाली, “बघ, सापडली की नाही?” आणि मीही खाल्ले. चव चांगली होती.

मग गेल्या आठवड्यात तुझे उत्तर आले. ते यिगालला लिहिलेले होते, पण त्याने मला बोलावून, चेहऱ्यावर मोठे हसू घेऊन, मोठ्याने वाचले. हा भाग मी लिहू इच्छित नाही, तू कळवले होतेस. तुमच्या तक्त्यातला चौथा वाचक तुमच्याच इमारतीत बसतो, कारण ते साडेचार माझ्याशिवाय एकच व्यक्ती देऊ शकते. विषय मुळात तिचा होता, तो तिने लिहावा. “मज़ल तोव, रिबेका,” यिगाल म्हणाला, “आता तू वादळ.” ॲलिस, घरी येणाऱ्या बसमध्ये मी तो मजकूर मनात लिहायला सुरुवातही केली. पहिले वाक्य फार चांगले होते. दुसऱ्या वाक्यापाशी मला कळले की ते तुझ्या टिपेवाचून उभे राहत नाही, आणि तिसऱ्यापाशी मला तुझा असा राग आला की मी एक थांबा आधीच उतरले. माझा हक्क तू मला परत करते आहेस असे तुला वाटत असेल. पण चौथ्या वाचकाने टीप लिहिली नव्हती. तो आपल्या चुकीसकट आलेख काढून मोकळा झाला असता, आणि तो आलेख जगभरच्या लोकांनी किनारे रिकामे करायचे की नाही हे ठरवण्यासाठी वाचला असता. आणि इतक्या वर्षांनी मला हवे होते ते मिळण्याची रीत ही? तू बाजूला सरकून? माझ्या हेव्यालाही काही स्वाभिमान आहे. म्हणून मी काल यिगालला नकार कळवला आहे आणि तुझी जागा डिसेंबरातल्या हनुक्कापर्यंत रिकामी ठेवायला लावली आहे. त्यानंतर ती तैवानला जाईल, आणि त्यात काय छापले जाईल हे तुला ठाऊक आहे. हे पत्र एवढ्यासाठीच लिहिले: हा भाग तू लिही. दया म्हणून नको, माझी परतफेड म्हणून नको. तो तुझ्याइतका कोणालाही येत नाही म्हणून लिही, आणि हे मी म्हणते आहे, जिने या जगात तू सोडून दुसरे कोणीही सापडावे म्हणून वर्षभर जिवाचे रान केले. मजकूर तपासणाऱ्यांत मी माझे नाव घातले आहे. प्रत्येक ओळीत मी चूक शोधणार आहे, मनापासून शोधणार आहे. ती मला सापडू नये, एवढी व्यवस्था कर.

तुझीच, आणि अजून न निवळलेली,
रिबेका